माशाऐवजी पनीर

पलसाणा हे नाव गोव्यात फारसं कुणाच्या कानावर आलेलं नसणार. सुरत जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. मुंबई-अमदावाद महामार्ग इथून जातो आणि बारडोली, व्यारा, नवापूर करत धुळ्याकडे जाणारा रस्ताही इथूनच. एका बाजूला उसाचे मळे, जवळच चलथाणचा साखर कारखाना, आणि दुसऱ्या बाजूला कापड रंगवणाऱ्या नि छापणाऱ्या गिरण्यांची धुराडी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ज्या झुळझुळीत साड्या टांगलेल्या दिसतात, त्यातल्या किती तरी या सुरतेच्या परिसरात रंगून आलेल्या असतात. माझा साडू इथल्या एका गिरणीत रंगखात्यात आहे. बारा वर्षं झाली. मेव्हणी दरवर्षी चवथीला येते आणि जाताना 'भावजी, एकदा तरी या हो आमच्याकडे' म्हणून जाते. शेवटी २०२३ सालच्या सुरवातीला, थंडी सरता सरता, आम्ही दोघं कोकण रेल्वेने सुरतेला उतरलो.

चार दिवस राहिलो. उंधियो खाल्ला, लोचो खाल्ला, बारडोलीचा सरदार पटेलांचा आश्रम पाहिला. ते सगळं लिहायला हवंच, पण आज नको. आज लिहायचं आहे ते तिसऱ्या रात्री मेव्हणीच्या बैठकीच्या खोलीत झालेल्या भांडणाबद्दल. भांडण म्हणजे तसं गोडीगुलाबीचंच, पण ते माझ्या जिव्हारी कुठं तरी लागलं, आणि त्याचं कारण मला तिथं बसल्या बसल्याच कळलं.

त्या दिवसांत सोनी वाहिनीवर मास्टरशेफ इंडियाचा सातवा मोसम चालू होता. परीक्षक तिघे. विकास खन्ना, रणवीर ब्रार आणि गरिमा अरोरा. (भारतीय बायकांत मिशेलिनचा तारा पहिल्यांदा मिळवला तो या गरिमाने, २०१८ साली, बँकॉकमधल्या आपल्या रेस्टॉरंटसाठी.) जिंकणाऱ्याला पंचवीस लाख रुपये. मेव्हणीच्या घरी हा कार्यक्रम म्हणजे रोजची आरती. नुसतं घरच्यांनी बघायचं असं नाही, तर समोरच्या दारातल्या जैन बेन येणार, खालच्या मजल्यावरचे धुळ्याकडचे गृहस्थ बायकोसकट येणार, बारावीतली भाची अभ्यासाचं पुस्तक उघडं ठेवून अर्धा डोळा इकडे लावणार. धुळेकरांचा पाठिंबा सुवर्णा बागूल यांना. का, तर 'बागूल आडनाव आमच्याकडचं आहे'. एवढं कारण पुरे. आपण नाही का, परदेशातल्या कसल्याही यादीत डिसोझा किंवा कामत दिसला की लगेच छाती फुगवत!

बेनचा पाठिंबा अर्थातच अरुणा विजय यांना. त्या जैन. मांसमच्छी नाही, अंडंसुद्धा नाही. आणि एका फेरीत बाकीच्यांसमोर मासा आला तेव्हा अरुणा यांना माशाऐवजी पनीर वापरण्याची मुभा मिळाली.

या प्रकारावरून तेव्हा इंटरनेटवर केवढा गदारोळ उठला होता ते पुष्कळांना आठवत असेल. स्पर्धा म्हणजे स्पर्धा, मासा म्हणजे मासा, नसेल शिजवायचा तर घरी बसावं, असा एकूण सूर. मेव्हणीच्या बैठकीत हा सूर लावणारा पहिला माणूस मी होतो. मासेखाऊ गोंयकार तो! मी म्हटलं, मासा शिजवणं म्हणजे काय चेष्टा आहे का? बांगडा घ्या. कल्ले काढायचे, पोट साफ करायचं, तिरफळं ठेचून नेमकी कधी घालायची ते कळायला हवं, आणि हुमणाला एक उकळी जास्त आली की मासा फुटलाच. मासा कुणाला क्षमा करत नाही. आणि पनीर? पनीरला काटा आहे का, खवलं आहे का? बाजारातून आणलं, चौकोनी कापलं, झालं. एकाला डोंगर चढायला सांगायचं आणि दुसऱ्याला जिना, आणि मग वर कोण आधी पोचला ते मोजायचं, याला न्याय म्हणतात?

धुळेकर म्हणाले, अगदी बरोबर. साडूही मान हलवत होता.

बेन शांतपणे म्हणाल्या, 'एमां शुं खोटुं छे?' यात वाईट काय झालं? मग हिंदी-गुजराती मिसळून त्यांनी जे सांगितलं ते असं, की तिनं मासा जन्मात चाखलेला नाही आणि शिजवतानाही चाखणार नाही. न चाखता केलेला पदार्थ ती परीक्षकांपुढे ठेवणार. तो काय पदार्थ होईल? तुम्हाला तिचा स्वयंपाक बघायचा आहे की तिची फजिती बघायची आहे? आणि ती रोज कांद्याबटाट्याशिवाय भागवते ते कुणी मोजलं का? आदल्या दिवशीच बेननी आम्हाला त्यांच्या पद्धतीचा उंधियो दिला होता. सुरती उंधियो म्हणजे कंदांचा उत्सव, रताळू, कंद, बटाटे. जैनांना कंदमुळं वर्ज्य. बेननी कच्ची केळी घातली होती आणि लसणाच्या पातीचा तर प्रश्नच नव्हता. खरं सांगतो, मी दोनदा मागून घेतला होता. त्यामुळे त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं की माझा डोंगर-जिन्याचा दृष्टांत जरा डळमळला.

भाची पुस्तकातून डोकं वर काढून म्हणाली, 'काका, बोर्डाच्या परीक्षेत काही मुलांना वेळ वाढवून देतात ना, लेखनिक देतात ना?'

साडू म्हणाला, 'वेळ वाढवून देतात गो. पेपर वेगळा देत नाहीत.'

मला हे उत्तर फार आवडलं. सवलत आणि वेगळी परीक्षा यांतला फरक त्याने एका वाक्यात सांगितला. पण तेवढ्यात मेव्हणी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि तिने सगळा खेळच उधळला. म्हणाली, 'सवलतीचं मला विचारा! बारा वर्षं मी या बिल्डिंगीत मासा खिडक्या लावून तळते. उन्हाळ्यात घामाने चिंब होते. सुकटीला तर हातच लावला नाही. मला कुणी दिली सवलत?'

खोलीत क्षणभर अवघडलेली शांतता. आमच्या बायकोने मला कोपराने ढोसलं, जणू मीच काही बोललो होतो.

बेन हसायला लागल्या. म्हणाल्या, 'बेन, वास तो आवे ज छे. अमे कंई बोलता नथी.' वास येतोच हो, आम्ही काही बोलत नाही, एवढंच.

म्हणजे बारा वर्षं दोघी एकमेकींना सवलत देत होत्या आणि दोघींनाही वाटत होतं की आपणच तेवढी देतो आहोत! असो. चहा झाला. टीव्हीवर जाहिराती लागल्या.

आता या वादाचं मूळ खरं तर जरा मागं आहे. याच मास्टरशेफ इंडियाचा चौथा मोसम, २०१५ सालचा, सबंध शाकाहारी होता. संजीव कपूर, विकास खन्ना आणि रणवीर ब्रार परीक्षक होते, निकिता गांधी जिंकल्या. तेव्हाही टीका झाली होती, नाही असं नाही. परंतु कुणा एका स्पर्धकाला सवलत मिळाली असं कुणी म्हटलं नाही, कारण नियम सगळ्यांना सारखा होता. आता बघा, त्या मोसमात एखादा गोंयकार गेला असता तर? ज्याची सगळी हुशारी माशाच्या हुमणात, तिसऱ्यांच्या सुक्यात, त्याला सांगायचं की बाबा रे, तुझा उजवा हात पाठीमागे बांध आणि ये. नियम सारखा, आणि तरी एकाला तो सोपा, दुसऱ्याला जड. उलट सातव्या मोसमात नियम एकीपुरता वाकवला. मला त्या रात्री कळेना की यातलं जास्त अन्यायाचं कोणतं. एक गोष्ट मात्र खरी. २०१५ मध्ये नियम स्वयंपाक सुरू होण्याआधी ठरला होता. सगळ्यांना माहीत होतं कुठल्या अंगणात खेळायचं आहे. पनीरच्या बाबतीत बघणाऱ्याला वाटलं की नियम खेळता खेळता बदलला. लोक चिडतात ते बहुधा सवलतीवर नाही, ती आधी न सांगितल्यावर.

पण स्पर्धकाच्या नियमांवर आपण एवढं बोलतो, आणि परीक्षकाच्या जिभेवर कुणी बोलत नाही. ती जीभ काय म्हणून आली, काय खाऊन वाढली, काय तिला चालत नाही? २०१८ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनच्या मास्टरशेफमध्ये याचा एक मासला सगळ्या जगाने पाहिला. झलेहा कादिर ओल्पिन नावाच्या मलेशियात जन्मलेल्या बाईंनी नासी लमाक केलं, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, आणि सोबत कोंबडीचं रेंदांग. रेंदांग म्हणजे आपल्या शागोतीचं लांबचं नात्यातलं म्हणायला हरकत नाही. नारळात, मसाल्यात मंद आचेवर तासन् तास मुरलेलं, मऊ. परीक्षक ग्रेग वॉलेस म्हणाले, कोंबडीची कातडी कुरकुरीत नाही. बाई बाद. त्यावर मलेशिया आणि इंडोनेशिया, जे एरवी रेंदांग कुणाचं यावरून भांडत असतात, ते एकदिलाने उसळले. मलेशियाच्या तेव्हाच्या पंतप्रधानांनीसुद्धा ट्विट करून विचारलं की रेंदांग कुरकुरीत कोण खातं? (पुढच्याच महिन्यात ते निवडणूक हरले. रेंदांगाचा त्यात हात नसावा.) वॉलेस यांनी नंतर खुलासा केला की आपल्याला कातडी शिजली नव्हती असं म्हणायचं होतं. असेलही. पण कुणी तरी आपल्या शागोतीला 'जरा कुरकुरीत हवी होती' म्हणाला असता तर आपण गोंयकारांनी तो खुलासा ऐकून घेतला असता का?

आणि टीव्ही बघणाऱ्याचं तर विचारूच नका. त्याला ना वास, ना चव. त्याला दिसतात ते चेहरे, आणि ऐकू येतं ते मागचं संगीत. ब्रिटनमध्येच २०१४ च्या ऑगस्टमध्ये 'ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ'मध्ये एका स्पर्धकाचं आइस्क्रीम दुसऱ्या स्पर्धक बाईंनी फ्रीझरमधून बाहेर काढून ठेवलं, ते वितळलं, त्याने चिडून सगळा पदार्थ कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि तो बाद झाला. आठशेहून जास्त तक्रारी! कार्यक्रमाच्या निवेदिकेने सांगितलं की आइस्क्रीम चाळीसेक सेकंदच बाहेर होतं. पण संकलनात ते जसं दिसलं तसं दिसलं. त्या वयस्क बाईंना लोकांनी खलनायिका करून टाकलं. आम्ही पलसाण्यात बसून अरुणा यांच्या पनीरला जिना म्हणत होतो तेसुद्धा असंच, ताटापासून शेकडो कोस दूर बसून.

परीक्षकांवर राग काढायची आपली गोव्याची परंपराही काही लहान नाही म्हणा. कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेचा निकाल लागला की पुढचा महिनाभर प्रत्येक वाड्यावरच्या पारावर दुसरा निकाल लागतो. भजनी स्पर्धेत पखवाजवाल्यावर अन्याय झाला नाही असं एकही वर्ष मला आठवत नाही. चवथीच्या माटोळी स्पर्धेत तर फळं मोजतात, म्हणजे तिथं तरी वादाला जागा नको, पण तिथंही रानातलं अमुक फळ परीक्षकांना ओळखूच आलं नाही अशी कुरकुर असतेच. आणि ती पुष्कळदा खरी असते.

तर आता माझं सांगतो. त्या रात्री बेनच्या हसण्यानंतर हेच आठवलं आणि मी गप्प झालो.

२०१२ सालची गोष्ट. आमच्या भागातल्या एका मंडळाने पाककला स्पर्धा ठेवली होती. विषय, पारंपरिक गोमंतकीय पदार्थ. मला परीक्षक म्हणून बोलावलं. मला स्वयंपाकातलं काय कळतं? चहा करता येतो. पण चार लेख छापून आलेला माणूस म्हणजे सर्वज्ञ, असा आपल्याकडे एक गोड गैरसमज आहे, आणि मीही तो दूर करायच्या भानगडीत पडलो नाही. परीक्षक तिघे. मी, गृहविज्ञान शिकवणाऱ्या एक बाई आणि एका हॉटेलात आचारी असलेले गृहस्थ. शाळेच्या सभागृहात बाकांवर रांगेने ताटं मांडलेली, वर अनुक्रमांक, नाव नाही. म्हणजे निःपक्षपातीपणाची सगळी काळजी घेतलेली. हातात छापील कागद: रंग-रूप, मांडणी, पारंपरिकता, चव. प्रत्येकी दहा गुण.

अकराव्या क्रमांकाला सोरपोतेल आणि सान्नां. क्रमांक असला तरी समोर कोण उभी आहे ते दिसतच होतं. शेजारच्या वाड्यावरची एक ख्रिस्तांव बाई, आमच्या नेहमीच्या ओळखीची. बाजारात भेटली की थांबून बोलणारी.

आमच्या घरी डुकराचं मांस चालत नाही. धर्माचं असं काही नाही, कुठल्या पोथीत लिहिलंय म्हणूनही नाही. चालत नाही म्हणजे चालत नाही. मी जन्मात तोंडात घातलेलं नव्हतं. कागद हातात घेऊन मी त्या ताटासमोर उभा राहिलो, आणि 'मला हे चालत नाही, या पदार्थाचे गुण मी देऊ शकत नाही' एवढं एक वाक्य बोलायला हवं होतं ते बोललो नाही. पन्नास-साठ माणसं बघत होती. मी लेखक, उदारमतवादी वगैरे. हिंदू-ख्रिस्तांव सलोख्यावर तर माझा एक लेखच होता. मी सान्नाचा कोपरा तोडला, रस्सा लागणार नाही अशा बेताने तोंडात टाकला, दोनदा मान डोलावली आणि पुढे सरकलो. कागदावर लिहिलं: रंग-रूप ७, मांडणी ८, पारंपरिकता ८, चव ६.

सहा. कमी नाही, जास्त नाही. कुणी विचारलं तर उत्तर देता येईल असा आकडा.

गृहविज्ञानाच्या बाई पूर्ण शिवराक. त्यांनीही वासावरून सहा दिले, हे मला मागाहून कळलं. तिसरे, हॉटेलातले, त्यांनी बोट चाटून खाल्लं आणि नऊ दिले. तिघांतला खाणारा एकच, त्याने नऊ दिले, आणि न खाणाऱ्या दोघांनी सहा-सहा देऊन त्या नवांना खाली ओढलं. पहिलं बक्षीस खतखत्याला गेलं. ते योग्यच होतं, तिरफळाचा वास अजून नाकात आहे. सोरपोतेल चौथं आलं, तिसऱ्यापासून दोन गुणांनी. बक्षिसं तीनच होती.

निघताना ती बाई दाराशी टोप कपड्यात बांधत होती. मी हसलो. ती म्हणाली, 'सर, तुमी चाखूंक ना न्हय?'

आवाजात तक्रार नव्हती. नुसतं विचारलं.

मी म्हटलं, 'ना ना, बरें आशिल्लें.'

'तीन दीस लागले म्हाका,' ती म्हणाली. सोरपोतेल पहिल्या दिवशी खायचं नसतं. मांस, काळीज उकडून बारीक चिरायचं, परतायचं, मसाला आणि माडाचा व्हिनेगर घालून शिजवायचं आणि मग रोज गरम करत मुरवत ठेवायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ते खरं लागतं म्हणे. सान्नां सुरीची, त्यासाठी सूर पहाटे आणलेली. हे सगळं तिने मला सांगितलं नाही. ती फक्त म्हणाली, 'मागीर मार्क कशे घाले?' आणि गाठ मारून टोप डोक्यावर घेऊन गेली.

हे मी त्या रात्री पलसाण्यात सगळ्यांसमोर सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. आमच्या बायकोलासुद्धा ते ठाऊक नव्हतं. धुळेकर म्हणाले, 'जाऊ द्या हो, गावातली स्पर्धा ती.' साडूने टीव्हीचा आवाज कमी केला. मेव्हणी म्हणाली, 'भावजी, तुम्ही सांगायला हवं होतं तिथंच.' आणि बेन, ज्यांच्या लेखी मासा काय आणि डुक्कर काय सारखंच, त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, 'तो पछी जज बदलवो जोईए ने!' मग जज बदलायला हवा होता ना.

साधी गोष्ट. अरुणा यांना जे चालत नव्हतं ते साऱ्या देशासमोर उघड होतं. ताटात पनीर पडलं ते कॅमेऱ्यापुढे पडलं, म्हणून तर लाखो लोकांना त्यावर ओरडता आलं. माझी सवलत मी माझी मीच घेतली होती आणि ती कुणाला दिसली नाही. त्या कागदावर 'चव ६' असं निळ्या शाईत लिहिलेलं होतं आणि खाली माझी सही. डोंगर आणि जिन्याच्या गोष्टी सांगणारा मी!

दुसऱ्या दिवशी निघताना बेननी प्रवासासाठी खाखरे बांधून दिले. मेव्हणीने गाडीत हळूच सांगितलं की रविवारी आता एक खिडकी उघडी ठेवून बघणार आहे. ठेवली की नाही, मी अजून विचारलेलं नाही.

त्या मोसमाची अंतिम फेरी ३१ मार्चला झाली. आसामचे नयनज्योती सैकिया जिंकले, आसामच्याच सांता सरमा दुसऱ्या, आणि धुळेकरांच्या सुवर्णा बागूल तिसऱ्या. साडूचा फोन आला. धुळेकर म्हणताहेत, अन्याय झाला.

मलाही त्यानंतर एका मंडळाचं परीक्षकाचं आमंत्रण आलं. मी सचिवांना म्हटलं, पदार्थांची यादी आधी पाठवा, मला काही गोष्टी चालत नाहीत, त्या पदार्थांना दुसरा परीक्षक बघा. ते हसले. म्हणाले, 'सर, इतकं कोण बघतो? थोडं थोडं चाखल्यासारखं करा नि द्या मार्क.' मी गेलो नाही. दुसऱ्या कुणाला तरी बोलावलं असेल.

त्या बाईकडून आमच्याकडे दर नाताळाला कुसवार येतो. २०१२ च्या आधीही येत होता, नंतरही कधी चुकला नाही. नेवऱ्यो, दोदोल, किडयो, एखाद वर्षी बिबिंक. २०२३ च्या नाताळात तिचा मुलगा ताट घेऊन आला तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. केळीच्या पानाच्या तुकड्यावर सान्नांही असतात दरवर्षी, चार. सोबत वाटीत नारळाचा रस, गूळ घातलेला. त्या दिवशी तिच्या घरात सोरपोतेल शिजलेलं असतंच, वास आमच्या पायरीपर्यंत येतो. पण आमच्या ताटात तिने ते कधी घातलेलं नाही. मी कधी सांगितलंही नव्हतं.

मुलाला म्हटलं, आईला सांग, मी संध्याकाळी येतो. गेलो. ती म्हणाली, 'यो सर, बस.' केक पुढे केला. स्पर्धेचा विषय काढायचा म्हणून मी गेलो होतो. तिने नातवाच्या शाळेचं काढलं, मग पंचायतीच्या रस्त्याचं, मग आंब्याला मोहर कसा आलाय त्याचं. तासभर बसलो. उठताना मी म्हटलं, 'ती स्पर्धा आठवता तुका? शाळेंतली?'

'खंयची?' ती म्हणाली. मग थोडं थांबून, 'तशें कितें, सर. तें जालें.' आणि उरलेला केक कागदात बांधून माझ्या हातात दिला.